राजघराण्यांच्या लेकी : राणीताल, चेरीताल, आधारताल

मागच्या आठवड्यात आपण सोळाव्या लुईची लेक मारी तेरेझ हिला १७९५ साली पॅरिसच्या तुरुंगातून सुटताना पाहिलं. तिच्यावर लिहिणं तसं सोपं होतं. बंदिवासातल्या दिवसांची हकीकत तिने स्वतःच लिहून ठेवली आहे. आता जबलपूरला यायचं, तर इथल्या गोंड राणी दुर्गावतीची हकीकत लिहिली ती अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने. म्हणजे ज्यांनी तिला हरवलं, त्यांच्याच पदरच्या माणसाने.

जबलपूरच्या रिक्षावाल्यांच्या तोंडी मात्र ती रोज असते. राणीताल, चेरीताल, आधारताल. पहिलं तळं राणीचं, दुसरं तिच्या दासीचं (चेरी म्हणजे दासी), तिसरं तिचा दिवाण आधारसिंह याचं, असं सगळं शहर सांगतं. राणीताल म्हटलं की आज लोकांना पाण्याआधी स्टेडियम आठवतं, तो भाग वेगळा. राणीसोबत दासीचंही नाव पाण्याला मिळालं, हे मला शहरातल्या मदनमहालच्या गढीपेक्षा मोठं वाटतं.

दुर्गावती चंदेलांची मुलगी. परंपरा तिचा जन्म १५२४ साली कालिंजरच्या किल्ल्यात झाला असं मानते. चंदेल म्हणजे खजुराहोची देवळं बांधणारं घराणं, पण तिच्या वेळेपर्यंत नाव मोठं आणि लक्षण खोटं अशी गत झालेली. उलट गढ्याचा, म्हणजे आजच्या जबलपूरकडचा, गोंड राजा संग्रामशाह भरभराटीत होता. त्याच्या मुलाशी, दलपतशाहशी तिचं लग्न झालं. बापाची परिस्थिती खालावली होती म्हणून त्याने ही सोयरीक पत्करली, असं अबुल फजल टोमणा मारल्यासारखं नोंदवतो. लोककथेत हेच लग्न प्रेमाचं आणि तलवारीच्या जोरावरचं होतं. दोन्हीकडचा सूर ऐकला की कोण कुठे उभं राहून बोलतंय ते कळतं.

दलपत लवकर गेला. मुलगा वीरनारायण तेव्हा पाच वर्षांचा. त्याला गादीवर बसवून पुढची पंधराएक वर्षं कारभार तिनेच केला. माळव्याच्या बाजबहादुरला तिने पिटाळून लावलं. वीस हजार स्वार आणि हजार हत्ती ही तिची ताकद अबुल फजलनेच सांगितलेली. आणखी एक गोष्टही त्याचीच : वाघ आल्याची वर्दी मिळाली की त्याला मारल्याशिवाय ती पाण्याचा थेंब घेत नसे. नावं ठेवायला बसलेल्या माणसाच्या हातूनही अशी वाक्यं निसटतात.

१५६४ साली अकबराचा सरदार आसफखान चालून आला. नरईच्या खिंडीत पहिल्या दिवशी राणीची सरशी झाली. रात्रीच छापा घालू, उद्या त्याच्या तोफा येतील, असं ती म्हणाली. सरदारांनी ऐकलं नाही. सकाळी तोफा आल्या. ती सरमन नावाच्या हत्तीवर होती. वीरनारायण जखमी झाला, तेव्हा त्याला तिने मागे धाडलं. एक बाण कानशिलात घुसला. तिने तो उपसला, पण टोक आतच राहिलं. दुसरा मानेत. पुढे बसलेल्या आधारला ती म्हणाली, मला मारून टाक. त्याचा हात उठेना. मग तिने स्वतःच कट्यार चालवली. जबलपूरजवळ बरेल्याच्या बाजूला तिची समाधी आहे आणि २४ जूनला तिथे लोक जमतात. इथल्या विद्यापीठाला १९८३ पासून तिचं नाव आहे.

इथे मराठी वाचकाने थोडं खाली बघावं. या घराण्याचा शेवट मोगलांनी केला नाही. अकबराने दहा किल्ले ठेवून घेऊन राज्य दलपतच्या भावाला परत दिलं. १७४२ साली नानासाहेब पेशवे या घराण्याच्या मंडल्यावर चालून गेले, तेव्हा राजा महाराजशाह मारला गेला. १७८१ साली सागरच्या मराठ्यांनी गादीच संपवली. जबलपुरात मराठी माणूस राज्यकर्ता म्हणून आला तो असा.

पण पुन्हा १५६४ कडे येऊ. नरईनंतर आसफखान चौरागडावर गेला. विदर्भातले भाविक त्रिशूळ खांद्यावर घेऊन चढतात तो पचमढीचा चौरागड नव्हे. हा किल्ला आजच्या नरसिंहपूर जिल्ह्यात येतो. वीरनारायण लढताना पडला, आणि आतल्या बायकांनी जोहार केला. चार दिवसांनी जोहाराच्या जागेचं दार उघडलं. राखेत दोघी जिवंत सापडल्या. एक मोठं लाकूड आडवं आल्याने ज्वाळा त्यांच्यापर्यंत पोचल्या नव्हत्या. एक राणीची बहीण कमलावती. दुसरी वीरनारायणासाठी आणलेली नवरी. दोघींना अकबराकडे पाठवण्यात आलं.

सरमन हत्तीचं नाव अबुल फजलने टिपलं आहे. त्या नवरीबद्दल तो एवढंच सांगतो : पुरागढच्या राजाची मुलगी.