शिक्षक-खोलीचे दार

देवनारच्या फार्म रोडवर, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या आवाराला लागून, राज कपूर यांचा बंगला होता. २०२३ च्या फेब्रुवारीत तो गोदरेज समूहाच्या बांधकाम कंपनीने विकत घेतला, चेंबूरचा आर. के. स्टुडिओ त्यापूर्वी काही वर्षे त्याच कंपनीकडे गेला होता. हिंदी चित्रपटाच्या इतिहासाचे एक पान अशा रीतीने मिटले, याची हळहळ अनेकांनी व्यक्त केली आणि ती रास्तच होती. परंतु मला त्या जागेवरून जाताना निराळ्याच एका गोष्टीची आठवण होते. या गृहस्थांनी आपल्या दोन चित्रपटांत तरुण शिक्षिकेला मानाचे स्थान दिले होते. १९५५ च्या ‘श्री ४२०’ मधील नर्गिसची विद्या ही नायकाची सदसद्विवेकबुद्धी होती, आणि १९७० च्या ‘मेरा नाम जोकर’ मधील सिमी गरेवालची मेरी ही पौगंडावस्थेतील एका मुलाचे पहिले, अबोल प्रेम होती. दोघीही सुंदर, शालीन आणि स्मरणीय. पण त्यांचे सहकारी कोण होते, त्यांच्या मुख्याध्यापकांचा स्वभाव कसा होता, महिनाअखेरीस त्यांच्या पर्समध्ये किती पैसे उरत, हे प्रेक्षकाला कधीच कळले नाही, कारण कॅमेरा सदैव विद्यार्थ्याच्या किंवा प्रियकराच्या बाजूस उभा होता. शिक्षिकेच्या बाजूस तो गेलाच नाही.

मराठी साहित्यात आणि रंगभूमीवरही बहुतांशी असेच घडले आहे. पु. ल. देशपांडे तरुणपणी मुंबईच्या ओरिएंट हायस्कुलात शिक्षक होते, सुनीताबाईही त्याच शाळेत शिकवीत होत्या, आणि तेथल्याच परिचयातून १९४६ साली त्यांचा विवाह झाला. म्हणजे तरुण शिक्षकांच्या आयुष्याची हकीकत, तिच्यातल्या ओढाताणीसकट आणि आनंदासकट, आपल्या सर्वश्रेष्ठ विनोदकाराने प्रत्यक्ष जगलेली होती. पुढे दूरदर्शनच्या बाल्यावस्थेत त्या माध्यमाशीही त्यांचा निकटचा संबंध आला. तरीसुद्धा ‘व्यक्ती आणि वल्ली’ मध्ये त्यांनी मास्तर रंगविला तो चितळे मास्तर, आणि तोही कृतज्ञ विद्यार्थ्याच्या नजरेतून. चितळे मास्तर अजरामर आहेत, त्यांच्याविषयी मला अणुमात्र तक्रार नाही. परंतु तेवीस वर्षांचे चितळे मास्तर पहिल्याच दिवशी वर्गात शिरताना घाबरले होते काय, या प्रश्नाचे उत्तर बाकावर बसलेल्या मुलाला ठाऊक असणे शक्यच नव्हते.

याला एक मोठा अपवाद आहे, आणि तो शोकान्त आहे. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या १९६७ साली रंगमंचावर आलेल्या नाटकातील लीला बेणारे ही शिक्षिका. तिची भूमिका करणाऱ्या सुलभा देशपांडे याही दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. शिकवण्यावरचे बेणारेबाईंचे प्रेम आणि ती नोकरी गमावण्याची त्यांची धास्ती यांतला ताण इतक्या जिवंतपणे रंगभूमीवर आला, त्याचे श्रेय लेखकाच्या प्रतिभेइतकेच त्या अभिनेत्रीच्या अनुभवालाही दिले पाहिजे असे मला वाटते. मात्र त्या नाटकात शाळा दिसत नाही. खेळातले न्यायालय दिसते, सहकारी म्हणून जमलेली नाटकमंडळी दिसते; शाळा ही दूर कोठे तरी असलेली, हुकूम पाठवणारी सत्ता राहते.

दूरचित्रवाणीने हे दार उघडावयास हवे होते, कारण रोज अर्धा तास एकाच ठिकाणी, त्याच माणसांत वावरण्याची जी मुभा मालिकेला असते ती चित्रपटाला नसते. १९८६ च्या ‘नुक्कड’ मध्ये रमा विज यांची ‘टीचरजी’ होती, पण ती नाक्यावर भेटत असे, वर्गात क्वचितच. १९९९ मध्ये अल्फा मराठीवर सुरू झालेल्या ‘आभाळमाया’ मधील सुधा जोशी ही प्राध्यापिका होती. सुकन्या कुलकर्णी यांनी ती घराघरांत पोहोचवली, तथापि मालिकेचा गाभा तिचा संसार हाच होता. २०२० साली सोनी मराठीवर ‘सावित्रीज्योती’ आली. १८४८ साली भिडेवाड्यात शिकवणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीची, आपल्या इतिहासातल्या सर्वांत थोर तरुण शिक्षिकेची, ती कथा पुरेसा प्रेक्षक न मिळाल्याने त्याच वर्षाच्या अखेरीस आवरती घ्यावी लागली, आणि त्याचे दुःख मला अजून आहे. २०२३ मध्ये झी मराठीवर सुरू झालेल्या ‘तुला शिकवीन चांगलाच धडा’ ची नायिका अक्षरा ही शिक्षिकाच होती. शिवानी रांगोळे यांनी तिचा मनस्वीपणा मन लावून उभा केला, शिक्षण आणि पैसा यांच्यातील जुना झगडा मालिकेने दारात आणून ठेवला. पुढे मात्र कथा सासरच्या उंबरठ्याआत गेली आणि शाळेचे दार बाहेरच राहिले.

इंग्लंडात मात्र हे दार उघडले. तेथे २००१ साली चॅनेल फोर या वाहिनीवर ‘टीचर्स’ नावाची विनोदी मालिका सुरू झाली आणि २००४ पर्यंत चालली. टिम लोन यांनी निर्माण केलेल्या त्या मालिकेचे चित्रण ब्रिस्टल शहरात झाले, आणि अँड्र्यू लिंकन या नटाने सायमन केसी हा इंग्रजी शिकवणारा तरुण साकारला. हा सायमन आदर्श नाही आणि दुष्टही नाही. तो केवळ अपक्व आहे. विद्यार्थ्यांना जबाबदारीचे पाठ द्यावयाचे आणि स्वतः मात्र विद्यार्थ्यांसारखेच चोरून धूम्रपान करावयाचे, तपासावयाच्या वह्या तशाच ठेवून मित्रांबरोबर मद्यगृहात बसावयाचे, हे त्याचे वर्तन आपल्या अभिरुचीला रुचेलच असे नाही. मधूनच शाळेच्या मार्गिकेत गाढव शिरताना दिसे आणि कोणी त्याची दखलही घेत नसे. पण त्या मालिकेने एक मूलभूत गोष्ट केली: कॅमेरा उचलून शिक्षकांच्या खोलीत नेऊन ठेवला. वर्ग ही तेथे बाहेरची जागा झाली, जेथे माणूस क्षणभर ‘सर’ बनून जातो आणि घंटा झाली की परत माणूस होतो.

या विनोदाचे मूळ वय आणि पद यांच्यातल्या अंतरात आहे. जो मुलगा काल-परवापर्यंत अध्यापक विद्यालयाच्या शेवटच्या बाकावर बसून टाचणे उतरवून घेत होता, त्याला आज चाळीस वर्षांचा पालक हात जोडून ‘सर’ म्हणतो, त्याच्या मुलाच्या भवितव्याविषयी सल्ला विचारतो, आणि हा सल्ला देतोही. पण त्याच संध्याकाळी त्याचे स्वतःचे वडील दूरध्वनीवर विचारतात की तुझे कायम होण्याचे काय झाले, तेव्हा त्याच्यापाशी उत्तर नसते. महाराष्ट्रात २००० साली शिक्षणसेवक योजना आली. तीन वर्षांच्या मुदतीची ही नेमणूक प्राथमिक शाळेत दरमहा तीन हजार रुपये मानधनावर होत असे. पुढे ते सहा हजार झाले, आणि २०२३ पासून सोळा हजार. २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षा आली, त्यानंतर अभियोग्यता चाचणी आणि ‘पवित्र’ नावाची भरतीची संगणकीय प्रणाली. म्हणजे नोकरीवर रुजू होण्यापूर्वीच हा तरुण इतक्या परीक्षांतून उत्तीर्ण झालेला असतो की वर्गातल्या मुलांना परीक्षेची भीती बाळगू नका असे सांगताना त्याचा आवाज थोडा कापला, तर त्यात नवल नाही. हसू आणि काळजी यांची अशी गुंफण एकाच प्रसंगात सापडते, तेथेच हास्यप्रधान नाट्य जन्म घेते.

आणि त्यासाठी ब्रिस्टलला जाण्याचे कारण नाही. गोवंडी स्थानकाच्या एका बाजूस सामाजिक विज्ञान संस्थेचे शांत आवार, तर रुळांपलीकडे शिवाजीनगर, बैंगनवाडी, कत्तलखाना, आणि १९२७ पासून मुंबईचा कचरा पोटात घेत आलेली देवनारची क्षेपणभूमी. सकाळची शाळा भरण्याआधी हार्बर मार्गाच्या गाडीतून जे तरुण शिक्षक येथे उतरतात, त्यांपैकी कोणी विदर्भातला असतो, कोणी कोकणातला, कोणी सांगली-साताऱ्याकडचा. मुंबई महानगरपालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांतून शिक्षण देते, आणि पुष्कळदा एकाच इमारतीत निरनिराळ्या माध्यमांच्या शाळा दोन पाळ्यांत भरतात. वऱ्हाडी वळणाचे मराठी बोलणारा गुरुजी, लखनवी अदबीने बोलणारी उर्दू माध्यमाची बाई आणि पूर्वांचलातल्या मायबोलीत भांडणारी मुले एकाच व्हरांड्यात एकत्र येतात. घंटा एक, नळ एक, जिना एक. कोणत्याही कसबी नाटककाराने हेवा करावा असे हे नेपथ्य पालिकेने आयते उभारून ठेवले आहे.

प्रसंगांची तर गणतीच नाही. पालिका विद्यार्थ्यांना सत्तावीस शालोपयोगी वस्तू विनामूल्य देते. त्या वाटपाचा दिवस डोळ्यांपुढे आणावा, जेव्हा नव्याने रुजू झालेल्या बाई चौतीस क्रमांकाचे बूट मागणाऱ्या मुलाला छत्तीसचे देऊन, पुढच्या वर्षी बरोबर बसतील अशी समजूत घालीत असतात. दुपारी पोषण आहाराची चव आधी घ्यावयाची, तिची नोंद करावयाची, मग हजेरीचा कॅटलॉग भरावयाचा, मग ‘सरल’ या संगणकीय प्रणालीत माहिती चढवावयाची, आणि रजेवर गेलेल्या सहकाऱ्याच्या वर्गावर बदली तास घ्यावयाचा. पटसंख्या घसरली की शिक्षकांची पदे ठरवणाऱ्या संचमान्यतेत पद अतिरिक्त ठरते, म्हणून वस्तीत घरोघर फिरून मुले गोळा करावयाची. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शिक्षकांना अशैक्षणिक कामांतून मुक्त केले, पण जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांचा अपवाद ठेवला. या तीन अपवादांत वर्षाचा केवढा भाग सामावतो हे मतदारयाद्या घेऊन भर उन्हात जिने चढणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला विचारावे. रमेश इंगळे उत्रादकर यांच्या ‘निशाणी डावा अंगठा’ या कादंबरीत साक्षरता मोहिमेच्या निमित्ताने शिक्षकांची कागदोपत्री धावपळ अशा धारदार विनोदाने आली आहे की त्या पुस्तकाचे ऋण मराठीतल्या प्रत्येक भावी मालिकालेखकाने मान्य केले पाहिजे. पुढे त्यावर चित्रपटही निघाला. परंतु ते ग्रामीण विश्व आहे. महानगराच्या कडेला असलेल्या शाळेची तशी बखर अद्याप लिहिली गेलेली नाही.

येथे एक शंका येईल, आणि ती गंभीर आहे. ज्या वस्तीत क्षेपणभूमीला २०१६ च्या जानेवारीत आग लागून धुराने शाळा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या, तेथल्या जीवनावर विनोद करणे हे निर्दयपणाचे नव्हे काय? माझे उत्तर असे की विनोद कोणावर केला जातो यावर ते अवलंबून आहे. दारिद्र्यावर केलेला विनोद निंद्यच. पण धुराच्या आठवड्यानंतर शाळा पुन्हा उघडली तेव्हा खोकणाऱ्या मुलांना हसवण्यासाठी एखाद्या शिक्षकाने जी युक्ती योजली असेल, तीत जो विनोद आहे, तो त्या वस्तीच्या बाजूने उभा राहणारा आहे. शिक्षकाला केवळ पूज्य ठरवले की त्याची अडचण ऐकण्याची गरज उरत नाही. शिक्षकदिनी पुष्पगुच्छ आणि उरलेले दिवस परिपत्रके, हा व्यवहार आपण फार काळ चालवला आहे. हसणारा, चुकणारा, दमणारा, भाड्याच्या खोलीत तिघांबरोबर राहणारा शिक्षक एकदा पडद्यावर दिसला, की त्याच्या मानधनाचा प्रश्न हा प्रेक्षकाच्याही घरचा प्रश्न होतो.

हे स्वप्नरंजन नाही, कारण अमेरिकेत ते घडले आहे. २०२१ च्या डिसेंबरात तेथे ‘अ‍ॅबट एलिमेंटरी’ ही मालिका सुरू झाली. फिलाडेल्फिया शहरातल्या एका गरीब वस्तीतील सरकारी प्राथमिक शाळा, तुटपुंजा निधी, आणि दुसरीच्या वर्गाला शिकवणारी जनीन टीग्ज नावाची उत्साही, पुष्कळदा तोंडघशी पडणारी तरुणी. पहिल्याच भागात तिची सारी धडपड असते ती वर्गातल्या मुलांना बसण्यासाठी एक नवा गालिचा मिळवण्याची. ही मालिका निर्माण करणाऱ्या आणि जनीनची भूमिकाही करणाऱ्या क्विंटा ब्रन्सन यांना २०२२ मध्ये लेखनाचे एमी पारितोषिक मिळाले. शाळेला त्यांनी आपल्याला सहावीत शिकवणाऱ्या शिक्षिकेचे नाव दिले; आणि त्यांची आई त्याच शहरात बालवर्गाला शिकवीत असे, संध्याकाळी घरी येऊन शाळेतल्या गोष्टी सांगत असे. एका शिक्षिकेच्या मुलीने लहानपणी ऐकलेले शब्द लाखो घरांत पोहोचले.

मुंबईत अशा मुली आणि मुले असंख्य आहेत. ज्यांच्या आईने किंवा वडिलांनी गोवंडी, मानखुर्द, घाटकोपर किंवा मुलुंडच्या पालिका शाळेत हयात घालवली, जेवताना ज्यांच्या कानांवर तपासणीच्या, बदलीच्या आणि एखाद्या हट्टी मुलाच्या गोष्टी पडल्या, त्यांच्यापैकी काही आज मालिकांच्या लेखनखोल्यांत बसलेले आहेत. त्यांना माझी विनंती आहे की सासू-सुनेच्या प्रसंगातून एक दिवस सवड काढून आपल्या आईला फक्त एवढेच विचारावे की नोकरीच्या पहिल्या दिवशी शिक्षक-खोलीत तिला बसायला कोणती खुर्ची मिळाली होती आणि ती कोणी दिली होती. आणि ती जे सांगेल ते, तिच्याच शब्दांत, पहिला भाग म्हणून लिहून काढावे.