टमाटरची फुलं का गळतात?

मागे कूलर घरघरतोय, तेवढं चालवून घ्या. वाडीतल्या आमच्या गच्चीवर एप्रिल लागला अन् टमाटरची फुलं पटापट गळायला लागली. मी इंजिनिअर माणूस, पण लॉग न बघताच फिक्स मारला: पाणी वाढवलं, खत टाकलं. मुळं सडून दोन झाडं गेली.

कारण वेगळंच होतं. दिवसा पारा ३५ च्या वर गेला अन् रात्रीही हवा गार झाली नाही, की टमाटरचा पराग निकामी होतो. मग फळ धरत नाही, फूल गळतं. नागपुरात तर एप्रिलमध्ये ४० ठरलेलेच! तिथं खत काय करणार?

शेवटी आईचं ऐकलं. उरलेल्या झाडांवर हिरवी जाळी, बुडाशी सोयाबीनचं कुटार. पाणी सकाळीच, तेही बोट खुपसून माती कोरडी लागली तरच. फळं नाही आली, झाडं तगली.

खरी कमाई गवार, भेंडी, चवळीची. दोडक्याचं फूल संध्याकाळी उघडतं. तेव्हा ऑफिसचा कॉल म्यूट करून मी नर फूल मादी फुलाला टेकवतो. मादी कशी ओळखायची? फुलामागे इवलासा दोडका असतो. सांभार मात्र सध्या बाजारातूनच आणा, उन्हात तो लगेच फुलावर येतो.