विद्युत्-गाड्यांतील मालाची जागा : पिकअप आणि एसयूव्ही यांच्या तुलनेतील एक मापनविषयक प्रश्न

दोन गाड्यांपैकी कोणती अधिक माल वाहील, हा प्रश्न वरकरणी अगदी सोपा दिसतो. उत्पादकांनी छापलेली दोन घनफळे शेजारीशेजारी मांडावी आणि मोठा आकडा ज्या बाजूस असेल तिला कौल द्यावा, एवढेच काम उरते असे कोणासही वाटेल. परंतु पिकअप आणि एसयूव्ही या दोन जातींच्या गाड्यांची तुलना करू लागताच असे आढळते की, त्या दोन आकड्यांनी मोजलेली वस्तूच एक नव्हे. एका आकड्याने उघड्या हौद्याचे काठापर्यंतचे घनफळ सांगितलेले असते, तर दुसऱ्याने छपरापर्यंतची बंदिस्त पोकळी. विजेवर चालणाऱ्या गाड्यांत याच्या जोडीला बॉनेटखालील पुढची डिकी आली आणि बेरजेचा मोह वाढला. प्रस्तुत लेखात हा प्रश्न ग्राहकाच्या आवडीनिवडीचा म्हणून नव्हे, तर मापनाचा म्हणून मांडावयाचा आहे. उदाहरणे बव्हंशी अमेरिकेतील घेतली आहेत, कारण पिकअपचा मुख्य बाजार तोच होय.

प्रथम पुढच्या डिकीविषयी. पेट्रोलच्या गाडीत पुढील भाग इंजिन, शीतक यंत्रणा आणि गियरपेटी यांनी व्यापलेला असतो. विद्युत्-गाडीत बॅटरी तळाशी सपाट पसरलेली असते आणि मोटर आकाराने लहान असून ती आसाजवळच बसते. त्यामुळे पुढचा भाग मोकळा होतो. मात्र तो आपोआप आणि सर्वस्वी मोकळा होतो, ही समजूत खरी नाही. फोक्सवागनच्या आयडी ४ या गाडीत मोटर मागे असूनही पुढे डिकी नाही. ती जागा इतर यंत्रसामग्रीस दिलेली आहे. किआच्या ईव्ही ९ या मोठ्या एसयूव्हीत मागील चाके फिरविणाऱ्या प्रकारास पुढे ९० लिटर जागा मिळते, पण चारही चाके फिरविणाऱ्या प्रकारात पुढील आसावर दुसरी मोटर येताच ती ५२ लिटर होते. म्हणजे पुढची डिकी ही विद्युत्-रचनेची अपरिहार्य देणगी नसून आराखडा करणाऱ्याने केलेली निवड आहे. याचा पुरावा आपल्या जवळही आहे. महिंद्र कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये सादर केलेल्या आणि चाकण येथे तयार होणाऱ्या दोन गाड्या एकाच सांगाड्यावर उभ्या आहेत. तरीही एक्सईव्ही ९ई हिची पुढची डिकी १५० लिटरांची, तर बीई ६ हिची केवळ ४५ लिटरांची आहे.

आता पिकअपच्या हौद्याकडे वळू. फोर्ड कंपनीची एफ-१५० लाइटनिंग ही गाडी मे २०२१ मध्ये जाहीर झाली आणि २०२२ पासून ग्राहकांच्या हाती पडू लागली. तिचे उत्पादन थांबविल्याचे कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये सांगितले. तथापि आपल्या कामासाठी तिच्याइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही, कारण तिचा हौदा त्याच मालिकेतील पेट्रोलच्या गाडीचाच आहे आणि त्याची मापे सर्वपरिचित आहेत. हौद्याची आतील लांबी ६७.१ इंच, उंची २१.४ इंच आणि दोन्ही बाजूंच्या चाकांवरील फुगवट्यांमधील रुंदी ५०.६ इंच. या तीन मापांचा गुणाकार केला तर सुमारे ४२ घनफूट येतात. छापील घनफळ मात्र ५२.८ घनफूट आहे. हा पावणेअकरा घनफुटांचा फरक कोठून आला? तो फुगवट्यांच्या पुढेमागे आणि वर, हौद्याच्या भिंतीलगत उरलेल्या कोपऱ्यांचा आहे. वाळू, खडी किंवा पालापाचोळा भरणाऱ्यास ही जागा खरोखरच उपयोगी पडते. प्लायवूडचे तक्ते किंवा मोठी खोकी नेणाऱ्यास तिचा उपयोग जवळजवळ शून्य. अमेरिकेत प्लायवूडचा तक्ता ४ फूट रुंद आणि ८ फूट लांब असतो, आणि फुगवट्यांमधील रुंदी ४८ इंचांहून थोडी अधिक ठेवण्याचे कारण हेच. तक्ता सपाट बसतो; लांबीला मात्र हौदा अपुरा पडतो आणि फाळका खाली पाडून त्यावर तक्त्याचे टोक टेकवावे लागते.

याच हौद्याविषयी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. घनफळ काठापर्यंत मोजलेले असले तरी माल काठाशी थांबत नाही. उभे ठेवलेले शीतकपाट हौद्यात दोरखंडाने आवळून नेता येते. त्याचा निम्म्याहून अधिक भाग काठाच्या वर असतो आणि तो भाग छापील आकड्यात कोठेच नसतो. उलट एसयूव्हीच्या छपराखाली ते उभे राहूच शकत नाही, आडवे निजवावे लागते. म्हणजे उघड्या हौद्याचा आकडा एका अर्थाने कमी सांगतो, तर दुसऱ्या अर्थाने, पावसात, चोरीच्या भीतीत, धुळीत, तो फारच अधिक सांगतो.

एसयूव्हीच्या आकड्यांची अडचण निराळ्या स्वरूपाची आहे. येथे मोजण्याच्या पद्धतीच दोन आहेत. जर्मन वाहन-उद्योग संघाची, म्हणजे व्हीडीएची, पद्धत अशी की, २०० × १०० × ५० मिलिमीटर मापाचे, म्हणजे बरोबर एक लिटरचे, कठीण ठोकळे डिकीत रचावयाचे आणि जितके मावतील तितके लिटर म्हणावयाचे. वक्र कोपऱ्यात ठोकळा शिरत नाही, म्हणून तो कोपरा मोजला जात नाही. आसने उभी असताना ही रचना सामान्यतः आसनांच्या पाठीच्या उंचीपर्यंतच केली जाते. अमेरिकेतील वाहन-अभियंत्यांच्या संस्थेच्या, म्हणजे एसएईच्या, मापनविधीत सेदान जातीच्या बंद डिकीसाठी ठरावीक मापांच्या बॅगा कल्पिलेल्या आहेत. पण मागून उघडणाऱ्या मोठ्या गाड्यांचे घनफळ लांबी, रुंदी आणि उंची यांवरून काढतात, आणि ही उंची छपराला भिडते.

दोन्ही पद्धतींचा परिणाम पाहावयाचा तर वर उल्लेखिलेली ईव्ही ९ हीच गाडी घ्यावी. तिसऱ्या रांगेच्या मागील जागा अमेरिकेत २०.२ घनफूट, म्हणजे ५७२ लिटर सांगितली जाते. युरोपात त्याच जागेचा आकडा ३३३ लिटर आहे. दुसऱ्या रांगेच्या मागे अमेरिकेत ४३.५ घनफूट, म्हणजे सुमारे १,२३२ लिटर. युरोपात ८२८ लिटर. मागील दोन्ही रांगा मिटविल्यावर मात्र अमेरिकेतील ८१.९ घनफूट आणि युरोपातील २,३१८ लिटर हे आकडे जवळजवळ तंतोतंत जुळतात, कारण अशा स्थितीत उंची छपरापर्यंतच धरली जाते. तीच गाडी, तेच पत्रे, तीच आसने. परंतु नित्याच्या वापरात जी जागा सर्वांत महत्त्वाची, तिच्याच बाबतीत एक आकडा दुसऱ्याच्या पावणेदोनपट. यांपैकी कोणता आकडा खोटा, असे विचारणे निरर्थक आहे. छपरापर्यंत गाद्या-उशा कोंबणाऱ्यास पहिला खरा, मागच्या काचेतून रस्ता दिसावा अशी काळजी घेणाऱ्यास दुसरा.

या पार्श्वभूमीवर पिकअप आणि एसयूव्ही यांची तुलना शक्य तितकी निर्दोष करावयाची असेल, तर एकाच उत्पादकाच्या, एकाच सांगाड्यावरील दोन गाड्या निवडणे श्रेयस्कर. रिव्हियन कंपनीच्या आर१टी आणि आर१एस या गाड्यांनी ही सोय करून दिली आहे. पहिली पिकअप, दुसरी एसयूव्ही. पुढची डिकी दोहोंत सारखीच, सुमारे ११ घनफूट. आर१टीचा हौदा सुमारे २९ घनफूट, लांबी अवघी साडेचार फूट. त्याखेरीज मागील आसनांच्या पाठीशी, गाडीच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत आरपार जाणारा एक बंदिस्त बोगदा आहे. त्याचे घनफळ साडेअकरा घनफुटांहून किंचित अधिक आणि लांबी पाच फुटांहून जास्त. पेट्रोलच्या पिकअपमध्ये असा बोगदा काढावयाचा तर निष्कासनाची नळी आणि फिरता दांडा हे दोन्ही आड आले असते. तिन्ही जागांची बेरीज सुमारे ५२ घनफूट होते.

आर१एसमध्ये पाच माणसे बसवून तिसरी रांग मिटविली, तर मागे पंचेचाळीस घनफुटांहून अधिक जागा राहते. तीत पुढची डिकी मिळविली की छप्पन्नच्या वर जातो. अर्थात तितकीच माणसे घेतली असता, आणि कागदावरील आकडेच मानले असता, एसयूव्ही पिकअपवर मात करते. पिकअप म्हणजे मालाची गाडी आणि एसयूव्ही म्हणजे कुटुंबाची, या रूढ समजुतीस हा निष्कर्ष धक्का देणारा आहे. पण तो स्वीकारण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. एक, हौदा काठापर्यंत मोजला आहे आणि डिकी छपरापर्यंत. दोन, सात माणसे बसली की आर१एसच्या मागे साडेसतरा घनफुटांच्या आसपासच जागा उरते, आणि जाहिरातीत दिसणारा शंभरावरचा आकडा, पुढची डिकी व अन्य कप्पे धरून १०४ घनफूट, हा केवळ दोन माणसे बसली असता मिळणारा आहे. एसयूव्हीची जागा माणसांच्या बदल्यात मिळते. पिकअपची जागा माणसांपासून अलग असते. या एका वाक्यात सांगता येणारा भेद घनफळाच्या कोष्टकात उतरत नाही.

येथवर केवळ घनफळाचा विचार झाला. खरी मर्यादा पुष्कळदा वजनाची असते, आणि विद्युत्-गाडीत तिला विशेष महत्त्व आहे. लाइटनिंगच्या लहान बॅटरीच्या प्रकाराची, १८ इंची चाकांसह, जास्तीत जास्त भारवहनक्षमता २,२३५ पौंड, म्हणजे सुमारे १,०१४ किलो सांगितलेली होती. हौद्याचे घनफळ ५२.८ घनफूट, म्हणजे सुमारे १,४९५ लिटर. एकास दुसऱ्याने भागले की दर घनमीटरला सुमारे ६७८ किलो ही घनता येते. तिला आपण समतोल घनता म्हणू. याहून हलका माल असेल तर जागा आधी संपते. याहून जड असेल तर वजनाची मर्यादा आधी गाठली जाते आणि उरलेली जागा नुसती शोभेची राहते. पाण्याची घनता १,००० किलो, म्हणजे पाण्याने भरलेले पिंपही या रेषेच्या पलीकडचे. कोरडी वाळू दर घनमीटरला सुमारे १,६०० किलो धरली, तर काठोकाठ भरलेल्या हौद्याचे वजन २,३९० किलोंवर जाईल, मर्यादेच्या सव्वादोनपटींहून अधिक. नियमाने पाहता हौदा ४२ टक्क्यांपर्यंतच भरता येतो. त्यातही भारवहनक्षमतेत माणसांचे वजन धरलेले असते, हे विसरले जाते. सरासरी ७५ किलोंची पाच माणसे बसली की ३७५ किलो गेले. मग वाळू हौद्याच्या पाव हिश्श्याच्या आसपासच घालता येते. पुढच्या डिकीचे गणितही असेच आहे. १४.१ घनफूट जागा आणि ४०० पौंडांची मर्यादा, म्हणजे समतोल घनता सुमारे ४५४ किलो. किराणा, कपडे, हत्यारांची पेटी यांस ती पुरेशी. सिमेंटच्या पोत्यांस नव्हे. ही मर्यादा ओलांडल्यास टायर, ब्रेक आणि आस यांवर पडणारा ताण डोळ्यांना दिसत नाही, आणि उताराच्या रस्त्यावर तो प्रथम ब्रेकच्या लांबलेल्या अंतरात प्रकट होतो.

बॅटरीचे वजन ही क्षमता कशी खाते याचे ठळक उदाहरण म्हणजे जनरल मोटर्सची हमर ईव्ही. तिच्या पहिल्या आवृत्तीचे स्वतःचे वजन ९,०६३ पौंड, त्यात बॅटरीच सुमारे २,९०० पौंडांची. आणि वाहता येणारा भार सुमारे १,३०० पौंड. म्हणजे गाडी आपल्या वजनाच्या सातव्या हिश्श्याएवढाच भार उचलते. सुमारे ६,००० पौंडांची लाइटनिंग, अनुकूल प्रकारात, आपल्या वजनाच्या एकतृतीयांशाहून अधिक उचलीत असे. हमरला पाच फुटी हौदा आहे, तो दिसावयास भक्कम आहे, पण त्यात काय घालावे याचे उत्तर तिची बॅटरी आधीच देऊन बसलेली आहे.

अलीकडे दोन जातींमधील सीमारेषाच पुसट होऊ लागली आहे. शेव्हरोलेटच्या सिल्व्हराडो ईव्हीत ५ फूट ११ इंचांचा हौदा आहे. परंतु हौदा आणि प्रवाशांची खोली यांमधील भिंत खाली पाडता येते, आणि मागील फाळक्याचाही उपयोग केला तर १० फूट १० इंच लांबीची वस्तू मावते. ही कल्पना नवी नाही. त्याच कंपनीच्या अॅव्हलँच या पेट्रोलच्या गाडीत २००२ च्या आवृत्तीपासून अशी भिंत होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकांस मिळू लागलेल्या टेस्लाच्या सायबरट्रकमध्ये सहा फूट लांब व चार फूट रुंद हौद्यावर गुंडाळता येणारे कुलूपबंद आच्छादन आहे. पहिल्या गाडीत माणसांची जागा मालाला मिळते, ती एसयूव्हीसारखी. दुसऱ्या गाडीत हौदा बंदिस्त होतो, तोही एसयूव्हीसारखा. अशा गाड्यांसाठी एकच घनफळ छापणे म्हणजे घडीच्या खाटेची एकच लांबी सांगण्यासारखे आहे.

विद्यार्थ्यांपैकी कोणी या विषयावर प्रत्यक्ष मोजमाप करू इच्छीत असेल, तर घनफळाच्या जोडीला आणखी तीन मापे घ्यावीत, असे सुचवावेसे वाटते. जमिनीपासून भरावाच्या काठाची उंची, दाराची स्वच्छ रुंदी व उंची, आणि तळाची सपाट लांबी. तळाशी बॅटरी असल्यामुळे विद्युत्-गाडीचा तळ पुष्कळदा उंच येतो, आणि तो उंच आला की छत तेथेच असताना आतली उभी जागा घटते. शिवाय जड वस्तू उचलणाऱ्याच्या कमरेवर येणारा भार वाढतो. दाराची मापे तर उत्पादक क्वचितच छापतात. उतरत्या छपराच्या एसयूव्हीत आत पुरेशी पोकळी असूनही चौकोनी खोके दाराच्या वरच्या कडेला अडते. ते खोके परत उतरवून घेणाऱ्या हमालाला घनफळाचा आकडा सांगून उपयोग नसतो.