गरब्याआधी टाचेकडे बघा

गेल्या नवरात्रातली गोष्ट. तिसऱ्या रात्रीचा गरबा खेळून झोपलो आणि सकाळी पाय जमिनीला टेकवताच टाचेच्या मागून कळ आली. आई म्हणाली, "शीर आखडली असेल, तेल चोळ." तेल चोळलं आणि उरलेल्या सहा रात्रीही खेळलो. त्यानंतर तीन महिने कठडा धरल्याशिवाय जिना उतरता येईना.

रक्तवाहिनी असो की नस, आपण सगळ्यांना शीरच म्हणतो. माझी दुखावली होती ती कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी. स्नायू आकसतो, त्याची ओढ कंडरा हाडापर्यंत पोचवते, तेव्हा सांधा हलतो.

एक गंमत करून पाहा. डाव्या हातानं उजव्या कोपराच्या जरा खाली धरा आणि उजव्या हाताची बोटं टाइप केल्यासारखी हलवा. हालचाल कोपराजवळ जाणवेल. बोटं मिटणारे मोठे स्नायू तिथे आहेत, मनगटातून पुढे जातात त्या त्यांच्या कंडरा. दिवसभर कीबोर्ड बडवूनही मला हे ठाऊक नव्हतं!

पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणारी कंडरा शरीरातली सर्वांत जाड, साधारण १५ सेंटीमीटर लांब. धावताना ती वजनाच्या कितीतरी पट ताण सोसते. स्प्रिंगसारखी ताणली जाते आणि साठवलेला जोर पुढच्या पावलाला परत देते. मात्र तिला रक्तपुरवठा कमी. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतो, कंडरेला महिने लागतात. मी अकरा महिने खुर्चीत आणि मग एकदम नऊ रात्री अनवाणी! दोष गरब्याचा नव्हता, माझ्या घाईचा होता.

दुसरी चूक त्याहून मोठी. दुखणं थांबेपर्यंत पूर्ण विश्रांती घेतली आणि थेट पावागड चढलो. दुखणं परत हजर. फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या, "विश्रांतीनं दुखणं शमतं, कंडरा मजबूत होत नाही. तिला भार हवा, पण हळूहळू वाढवलेला."

स्वीडनचे डॉ. हाकन अल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये हेच दाखवलं. अशाच दुखण्याच्या १५ हौशी खेळाडूंनी १२ आठवडे रोज पायरीवर चवड्यांवर उभं राहून टाच सावकाश खाली नेण्याचा व्यायाम केला. सगळे पुन्हा धावू लागले.

तेव्हा मंडळी, घटस्थापनेची वाट पाहू नका. तीन महिने आधीपासूनच कठडा धरून चवड्यांवर उभं राहा, टाचा सावकाश टेकवा. पाच-दहा वेळांपासून सुरुवात करा, झेपेल तसं वाढवा. दुखणं आधीपासून असेल तर विचारूनच. आणि खेळताना टाचेमागे 'फट्' झालं, चवड्यावर उभं राहता येईना, तर तेल चोळत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आमच्याकडे आता दूध तापेपर्यंत आईही ओट्याशी टाचा वर-खाली करते. म्हणते, "यंदा नऊही रात्री खेळणार."