आईवडिलांच्या विवाहातून मिळालेले ग्रीन कार्ड आणि त्यावरील अट : सावत्र अपत्याच्या कायदेशीर स्थानाचा विचार

प्रस्तावना

अमेरिकेतील कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजेच ग्रीन कार्ड, ही महाराष्ट्रातील सुशिक्षित कुटुंबांना आता अपरिचित गोष्ट राहिलेली नाही. नोकरीच्या मार्गाने मिळणाऱ्या ग्रीन कार्डाविषयी, त्यासाठीच्या प्रदीर्घ प्रतीक्षेविषयी पुष्कळ लिहिले जाते. त्या मानाने आईच्या किंवा वडिलांच्या दुसऱ्या विवाहातून अपत्याला मिळणाऱ्या ग्रीन कार्डाचा विचार क्वचितच होतो. घटस्फोटित अथवा विधवा स्त्री अमेरिकी नागरिकाशी पुनर्विवाह करते आणि पहिल्या विवाहातील मुलाला वा मुलीला बरोबर नेते, तेव्हा ते अपत्य पुष्कळदा शाळेच्या अखेरच्या किंवा महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षांत असते. दाखले, गुणपत्रके, शिफारसपत्रे यांच्या निमित्ताने त्याचा आपल्याशी संबंध येतो. परंतु त्याच्या हाती पडणारे ग्रीन कार्ड बहुधा केवळ दोन वर्षांचे असते आणि त्यावर एक अट असते, याची कल्पना आपल्याला व अनेकदा त्या विद्यार्थ्यालाही नसते.

ही अट कशी निर्माण झाली, ती कशी दूर होते आणि ती दूर करताना अपत्याची स्थिती आईपेक्षा किंवा वडिलांपेक्षा कोठे वेगळी ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. या विषयाचा गाभा असा की, ज्या विवाहाच्या खरेपणावर अपत्याचे वास्तव्य अवलंबून असते तो विवाह त्याचा स्वतःचा नसतो. आणि त्या खरेपणाचे पुरावे सामान्यतः त्याच्या ताब्यात नसतात.

अटीची पार्श्वभूमी

१० नोव्हेंबर १९८६ रोजी अमेरिकेत विवाहविषयक फसवणुकीला आळा घालणारा दुरुस्ती कायदा अमलात आला. केवळ ग्रीन कार्डासाठी नावापुरते विवाह होतात, अशी त्या काळातील स्थलांतर व देशीयकरण सेवेची तक्रार होती. विवाहावर आधारित अर्जांपैकी सुमारे ३० टक्के अर्ज संशयास्पद असल्याचा आकडाही तेव्हा विधिमंडळापुढे मांडला गेला होता. पुढे न्यायालयीन वादात त्या आकड्यामागील पाहणी सदोष असल्याचे उघड झाले. आकडा टिकला नाही. कायदा मात्र टिकला. कायदेनिर्मितीच्या अभ्यासकाने मुद्दाम लक्षात ठेवावा असा हा प्रसंग आहे.

या दुरुस्तीने मूळ स्थलांतर कायद्यात कलम २१६ समाविष्ट झाले. कायम वास्तव्य प्राप्त होण्याच्या दिवशी विवाहाला दोन वर्षे पूर्ण झाली नसतील, तर ते वास्तव्य सशर्त समजले जाते. ही तरतूद पतिपत्नीपुरती मर्यादित नाही. त्या विवाहाच्या नात्याने वास्तव्य मिळवणाऱ्या मुलामुलींनाही ती लागू होते. येथे एक बारकावा आहे. दोन वर्षांची मोजणी अर्जाच्या तारखेपर्यंत नव्हे, तर वास्तव्य प्राप्त होण्याच्या तारखेपर्यंत केली जाते. त्यामुळे आई विवाहानंतर दीड वर्षाने गेली आणि मुलगा सव्वादोन वर्षांनी गेला, तर आईचे कार्ड सशर्त आणि मुलाचे मात्र अटीविना, असे विचित्र वाटणारे पण कायद्याला धरून असलेले चित्र दिसते.

सावत्र अपत्य कोणास म्हणावे

अमेरिकी स्थलांतर कायद्यानुसार, ज्या विवाहामुळे सावत्र नाते निर्माण झाले तो विवाह अपत्याच्या वयाला १८ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झालेला असला पाहिजे. दत्तकविधानाची आवश्यकता नाही. सावत्र वडील अमेरिकी नागरिक असतील तर प्रत्येक अपत्यासाठी त्यांना वेगळा अर्ज करावा लागतो. आईच्या अर्जात मुले आपोआप समाविष्ट होत नाहीत. अपत्य अविवाहित व २१ वर्षांच्या आतील असावे लागते. ऑगस्ट २००२ मध्ये झालेल्या अपत्य-स्थिती संरक्षण कायद्यामुळे नागरिकाच्या अपत्याचे वय अर्ज दाखल झाल्याच्या दिवशी स्थिर धरले जाते. कार्यालयीन विलंबामुळे वयोमर्यादा उलटण्याचा धोका त्यामुळे बराच कमी झाला.

भारतीय वाचकाला येथे एक विरोध जाणवेल. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ याच्या कलम ६ मधील स्पष्टीकरणानुसार नैसर्गिक पालकत्वाच्या संदर्भात ‘पिता’ व ‘माता’ या शब्दांत सावत्र पिता व सावत्र माता यांचा समावेश होत नाही. म्हणजे आपल्या कायद्याने जे नाते पालकत्वासाठी मानलेलेच नाही, त्याच नात्यावर अमेरिकेचा कायदा अपत्याच्या वास्तव्याची संपूर्ण उभारणी करतो. आपल्याकडील शाळेच्या दाखल्यावर जन्मदात्या वडिलांचेच नाव असते आणि ते तसेच राहणे योग्यही आहे. परंतु त्यामुळे सावत्र नात्याचा कागदोपत्री माग भारतात जवळजवळ नसतो. तो अमेरिकेत गेल्यावरच तयार होऊ लागतो.

संयुक्त अर्ज आणि नव्वद दिवसांची दोन गणिते

अट दूर करण्यासाठी आय-७५१ या क्रमांकाचा अर्ज करावा लागतो. सशर्त वास्तव्याला दोन वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच्या ९० दिवसांत पतिपत्नींनी तो संयुक्तपणे दाखल करावा, हा सामान्य नियम आहे. अर्जासोबत विवाह सद्भावपूर्वक झाल्याचे पुरावे जोडले जातात : एकत्र भरलेली करविवरणपत्रे, संयुक्त बँक खाते, घराचा भाडेकरार किंवा गहाणखत, विमापत्रे, दोघांना ओळखणाऱ्या व्यक्तींची शपथपत्रे.

अपत्याला या अर्जात समाविष्ट करता येते, पण केव्हा? त्याने सशर्त वास्तव्य पालकाच्याच दिवशी किंवा त्यानंतर ९० दिवसांच्या आत मिळवले असेल तर. म्हणजे ९० हा आकडा दोन वेगळ्या ठिकाणी, दोन वेगळ्या अर्थांनी येतो, आणि पुष्कळ गोंधळ येथूनच सुरू होतो. एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट करता येईल. समजा, डिसेंबर २०२१ मध्ये पुण्यातील एका स्त्रीचा अमेरिकी नागरिकाशी विवाह झाला. तिने १० मार्च २०२३ रोजी स्थलांतरित व्हिसावर अमेरिकेत प्रवेश केला. मुलगी बारावीच्या परीक्षेसाठी मागे राहिली. मुलगी ८ जून २०२३ पर्यंत पोहोचली तर ती आईच्या अर्जात समाविष्ट होऊ शकते. ती २० जूनला पोहोचली, तर तिला स्वतंत्र अर्ज करावा लागेल. आईच्या अर्जाचा कालावधी १० डिसेंबर २०२४ रोजी सुरू होईल, तर मुलीचा २२ मार्च २०२५ रोजी. आणि मुलीच्या अर्जावर सावत्र वडिलांची सही पुन्हा लागेल.

बारा दिवसांचा हा फरक वरवर क्षुल्लक दिसतो. कुटुंब सुरळीत असेल तर तो क्षुल्लकच आहे. एक जादा अर्ज आणि जादा शुल्क, एवढाच त्याचा अर्थ. (१ एप्रिल २०२४ पासून हे शुल्क ७५० डॉलर करण्यात आले.) परंतु आईचा अर्ज दाखल झाल्यानंतर आणि मुलीचा दाखल होण्यापूर्वी जर पतिपत्नींमध्ये बेबनाव झाला, तर सही मिळण्याचा मार्ग बंद होतो. मुलीच्या कागदपत्रांत काहीही दोष नसतो. दोष असतो तो परीक्षेच्या वेळापत्रकात. पालकाचे निधन झाल्यास किंवा अन्य कारणाने समावेश शक्य नसल्यासही अपत्याला असाच स्वतंत्र अर्ज करावा लागतो. अपत्य १४ वर्षांच्या आतील असेल तर त्याच्या वतीने पालकाला सही करता येते. त्याहून मोठ्या अपत्याने स्वतः सही करावयाची असते, ही गोष्ट घाईत विसरली जाते.

अर्ज मुदतीत दाखल झाल्यावर त्याची पोच मिळते. जुन्या कार्डासोबत ही पोच कायदेशीर वास्तव्याचा पुरावा ठरते. निर्णयास लागणारा काळ वाढत गेल्याने पोचपत्रावरील मुदतवाढही वाढवावी लागली, आणि जानेवारी २०२३ मध्ये ती ४८ महिन्यांपर्यंत नेण्यात आली. दोन वर्षांच्या अटीसाठी चार वर्षांची पोच, ही त्या कार्यालयाच्या कामाच्या ओझ्यावरील बोलकी टीकाच म्हणावी लागेल. उलटपक्षी, अर्जच केला नाही तर दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस दर्जा आपोआप संपुष्टात येतो व हद्दपारीची कारवाई सुरू होऊ शकते. विलंबास योग्य कारण असल्याचे लेखी दाखवून उशिरा केलेला अर्जही स्वीकारला जाऊ शकतो.

विवाह मोडल्यास अपत्याचे काय

विषयातील खरा पेच येथे आहे. सावत्र वडिलांची सही मिळत नसेल तर संयुक्त अर्जाच्या आवश्यकतेतून सूट मागता येते. कायद्याने त्यासाठी मुख्यतः तीन आधार दिलेले आहेत : विवाह सद्भावपूर्वक झाला होता, परंतु तो घटस्फोटाने वा अन्य रीतीने संपुष्टात आला, विवाह सद्भावपूर्वक झाला होता, परंतु त्या काळात पत्नीला वा अपत्याला मारहाण किंवा अत्यंत क्रूर वागणूक सहन करावी लागली, आणि देशाबाहेर काढल्यास अत्यंत कष्टप्रद परिस्थिती ओढवेल. असा अर्ज ९० दिवसांच्या कालावधीची वाट न पाहता करता येतो.

यांपैकी पहिल्या दोन आधारांमध्ये ‘सद्भाव’ कोणाचा पाहिला जातो, हे ध्यानात घेतले पाहिजे. अर्जदार मुलगी असली तरी सद्भाव सिद्ध करावयाचा असतो तो तिच्या आईचा. संयुक्त अर्जात नमूद केलेली तथ्ये खोटी आहेत हे हद्दपारीच्या सुनावणीत सिद्ध करण्याचा भार शासनावर असतो. सूट मागणाऱ्या अर्जात मात्र सिद्धतेचा भार अर्जदारावर येतो. एकोणीस वर्षांच्या मुलीने आपल्या आईचा विवाह खरा होता हे दाखवावयाचे, आणि त्यासाठी लागणारी करविवरणपत्रे व बँकेचे उतारे त्या विवाहाच्या दोन पक्षांपैकी एकाच्या कपाटात असावयाचे! आईशी संबंध चांगले असतील तर प्रश्न सुटतो. आईचे निधन झाले असेल किंवा ती भारतात परतली असेल, तर तो कठीण होतो.

क्रूर वागणुकीच्या आधाराबाबत अपत्याला स्वतंत्र स्थान आहे. १९९० च्या कायद्याने हा आधार समाविष्ट करताना पत्नीबरोबर अपत्याचाही उल्लेख केला. आय-७५१ च्या नमुन्यात तर सावत्र वडिलांकडून झालेल्या छळाबरोबरच सशर्त वास्तव्य असलेल्या जन्मदात्या पालकाकडून झालेला छळही नमूद करता येतो. घरातील गोष्ट बाहेर न नेण्याचे आपल्याकडील वळण लक्षात घेता, ही तरतूद माहीत असणे मराठी मुलामुलींसाठी विशेष महत्त्वाचे आहे.

तिसरा आधार याहून वेगळा आहे. अत्यंत कष्टप्रद परिस्थितीच्या तरतुदीत विवाहाच्या सद्भावाचा उल्लेखच नाही. ज्या अपत्याला आईच्या विवाहाचे पुरावे मिळवणे अशक्य आहे, त्याच्यासाठी हे दार उघडे राहते. मात्र विचारात घेतली जाते ती केवळ सशर्त वास्तव्याच्या काळात उद्भवलेली परिस्थिती, आणि कसोटी कडक आहे. शिक्षणात खंड पडेल एवढे म्हणून भागत नाही. सामान्यपणे कोणालाही देश सोडताना होणाऱ्या त्रासापेक्षा अधिक काय होईल, ते दाखवावे लागते.

अपत्याचे स्वतःचे पुरावे

विवाहाचे बहुतेक कागद पतिपत्नींच्या नावे असले तरी काही पुरावे अपत्याच्याच नावाभोवती तयार होतात, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांचे मूल्य कमी लेखले जाते. शाळेच्या प्रवेशपत्रावर पालक म्हणून सावत्र वडिलांचे नाव, आपत्कालीन संपर्कात त्यांचा क्रमांक, त्यांच्या आरोग्यविम्यात अपत्याचा समावेश, संयुक्त करविवरणपत्रात अवलंबित म्हणून नोंद, पालकसभेतील सही, एकाच पत्त्यावर आलेली महाविद्यालयाची पत्रे : नावापुरत्या विवाहात अशा बारीकसारीक गोष्टी क्वचितच घडतात. त्यांच्या प्रती अपत्याने पहिल्या दिवसापासून स्वतःजवळ ठेवाव्यात. करविवरणपत्राची प्रत मागणे हा घरात अविश्वास दाखवणे आहे, असे समजण्याचे कारण नाही.

विवाह संपला म्हणजे सावत्र नातेही संपले, असेही सरसकट म्हणता येत नाही. स्थलांतर अपील मंडळाने १९८१ मधील एका निर्णयात असे मानले की, विवाह संपुष्टात आल्यावरही कौटुंबिक नाते प्रत्यक्षात चालू असेल तर सावत्र नाते ग्राह्य धरता येते. आईचा घटस्फोट झाला तरी मुलीचे सावत्र वडिलांशी जाणे-येणे व पत्रव्यवहार टिकून असतील, तर ते निव्वळ भावनिक बाब राहत नाहीत.

नागरिकत्वाविषयीचा एक गैरसमज

सावत्र वडील अमेरिकी नागरिक आहेत, म्हणून अठरा वर्षांच्या आतील मूलही आपोआप नागरिक झाले, असा समज अनेक कुटुंबांत आढळतो. तो चुकीचा आहे. २७ फेब्रुवारी २००१ रोजी अमलात आलेल्या अपत्य नागरिकत्व कायद्यातील ‘पालक’ या संज्ञेत, दत्तक घेतल्याशिवाय, सावत्र पालक येत नाही. मुलीला नागरिकत्व आपोआप मिळू शकते ते आईच्या नागरिकत्वातून. नागरिकाची पत्नी म्हणून आईला, विवाह टिकून दोघे एकत्र राहत असल्यास, तीन वर्षांनंतर अर्ज करता येतो. ही तीन वर्षांची सवलत मुलीला नाही. आईचा शपथविधी मुलीच्या अठराव्या वाढदिवसापूर्वी झाला, आणि मुलगी कायम रहिवासी म्हणून आईच्या कायदेशीर ताब्यात अमेरिकेत राहत असली, तर ती त्याच दिवशी नागरिक होते. तो वाढदिवसानंतर झाला, तर तिला स्वतःची पाच वर्षे पूर्ण करून अर्ज करावा लागतो. सशर्त वास्तव्याचा काळ या पाच वर्षांत धरला जातो. मात्र अट दूर करण्याचा अर्ज प्रलंबित असेल, तर त्याचा निकाल लागल्याखेरीज नागरिकत्वाचा अर्ज मंजूर होत नाही.