तेल आणि पाणी (लेखांक ६) : तवंग गेला म्हणजे तेल गेले?

मागच्या लेखात आपण कच्च्या तेलातले हायड्रोकार्बन पाहिले. त्यांच्या रेणूंत कार्बन आणि हायड्रोजन सोडून तिसरे कोणी नसते. पण त्याच तेलात असेही रेणू असतात, ज्यांत ऑक्सिजन, नायट्रोजन किंवा गंधक शिरलेले असते. ऑक्सिजन आणि नायट्रोजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून घेतात, त्यामुळे रेणूचा एक भाग किंचित ऋण आणि दुसरा किंचित धन होतो. हीच ध्रुवीय संयुगे. पाण्याचा रेणूही ध्रुवीय, म्हणून या संयुगांतल्या लहान रेणूंचे पाण्याशी चांगले जमते. चहात तूप पडले तर तवंग दिसतो, साखर पडली तर काहीच दिसत नाही, तसेच हे.

फेनॉल आणि नॅफ्थेनिक आम्ले ही त्यातली ठळक नावे. नॅफ्थेनिक आम्लाच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरते, तर दुसरे स्निग्ध पदार्थाला. साबणाचा रेणूही असाच असतो. माशाच्या कल्ल्यातील पेशींचे आवरण स्निग्ध असल्याने हा रेणू तिथे घुसून आवरण ढिले करतो. कॅनडातील अल्बर्टा प्रांतात तेलवाळू धुतलेल्या पाण्याचे प्रचंड तलाव आहेत. ते पाणी जलचरांना विषारी ठरते, याचे एक मुख्य कारण ही आम्लेच.

आपल्या मुंबई हाय (पूर्वीचे बॉम्बे हाय) या समुद्रातील तेलक्षेत्राचे तेल हलके आणि कमी गंधकाचे, म्हणजे त्यात असे रेणू मुळात कमी. मग काळजी मिटली का? नाही. कारण सांडलेल्या तेलातून ध्रुवीय संयुगे नव्याने तयार होतात. समुद्रावर ऊन तेलाच्या थरात ऑक्सिजन घुसवते, जमिनीत तेच काम जिवाणू करतात. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' या जहाजांची टक्कर झाली आणि इंधन तेल रायगडच्या किनाऱ्यापर्यंत पसरले. अशा वेळी तवंग पुसट झाला की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. प्रत्यक्षात काही तेल उडून जाते, काही खरोखर नष्ट होते, आणि काही रूप बदलून पाण्यात उतरते.

जमिनीखाली काय घडते, याचा एक दीर्घ अभ्यास अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील बेमिजी गावाजवळ झाला आहे. तिथे ऑगस्ट १९७९ मध्ये कच्च्या तेलाची पाइपलाइन फुटली. भूजलात तेलातले बेंझिन हे हायड्रोकार्बन जिथपर्यंत पोहोचले, त्याच्याही पुढे जिवाणूंनी अर्धवट पचवलेल्या तेलाची ध्रुवीय संयुगे सापडली. पाण्यातले तेल मोजण्याच्या अनेक प्रचलित पद्धतींत नमुन्याचा अर्क आधी सिलिका जेलमधून गाळतात. हे जेल नेमकी ध्रुवीय संयुगेच धरून ठेवते. म्हणजे अहवालात तेलाचा आकडा घटतो, पण पाण्यातला ऐवज तिथेच राहतो. यातली सगळीच संयुगे मूळ तेलाइतकी घातक नसतात; मूळ तेलातले बेंझिन तर सिद्ध कर्करोगकारक आहे. पण हजारो रेणूंची स्वतंत्र तपासणीच झालेली नसताना त्यांना निरुपद्रवी म्हणणे हा अंदाज आहे, निष्कर्ष नव्हे.

आपल्या नांदगाव तालुक्याला हा विषय परका नाही. मनमाडजवळच्या पानेवाडी परिसरात इंधनाचे मोठे डेपो आहेत आणि टँकरची ये-जा रोजची. डिझेल हे कच्चे तेल नव्हे, पण मातीत मुरल्यावर जिवाणू त्याचेही असेच रूपांतर करतात. शिवाय आपला खडक बेसाल्ट. त्यात पाणी वाळूसारखे सगळीकडून झिरपत नाही, भेगांतून वाट काढते. त्यामुळे जवळची विहीर सुटून लांबची बाधित होऊ शकते.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००, २०१२) खनिज तेलाची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.५ मिलिग्रॅम आहे, तर फेनॉल वर्गातील संयुगांची ०.००१ मिलिग्रॅम, म्हणजे पाचशेपट कडक. याचे एक कारण चवीचे आणि वासाचे आहे. पाणी निर्जंतुक करण्यासाठी विहिरीत टीसीएल पावडर टाकली की तिच्यातील क्लोरीन फेनॉलशी संयोग पावते आणि अतिशय कमी प्रमाणातही पाण्याला औषधी दर्प येतो.

तेव्हा टँकर उलटून विहिरीजवळ इंधन मुरले, तर तवंग नाही म्हणून पाणी वापरायला काढू नका. ग्रामपंचायतीने नमुना प्रयोगशाळेत पाठवताना खनिज तेलाबरोबर फेनॉलची तपासणीही लेखी मागावी. आणि एका पावसाळ्यानंतर तीच तपासणी पुन्हा करावी.