मनीचा दूधभात

आमच्या घरीं तीन पिढ्या मांजर आहे, आणि तीन पिढ्या तें दूधभातावरच पोसलें गेलें, अशी आमची समजूत होती.

गेल्या पावसाळ्यांत आमची मनी तिन्हीसांजेस पाटास, उंबऱ्यास अडखळूं लागली. तिच्या बाहुल्या भर उजेडांतहि विस्फारलेल्या. नेहमींच्या पशुवैद्यांनीं डोळे तपासले आणि पशूंच्या आहारशास्त्राचा खास अभ्यास केलेल्या एका डॉक्टरीणबाईंकडे आमची रवानगी केली. मांजराच्या जेवणासहि तज्ज्ञ लागावा, याचें आम्हांस हंसूं आलें, हें कबूल करतों.

बाईंनीं मनीस तोललें व विचारूं लागल्या: रोज काय घालतां, किती, उरतें किती? आमच्या थोरल्या वहिनी अभिमानानें म्हणाल्या, "सायीचें दूध नि मऊ भात. एक दिवस चुकत नाहीं."

"आजी, तुम्हीं मायेनें घातलेंत, पण तिच्या शरीरास तें पुरलें नाहीं."

कारण असें. टॉरिन नांवाचें एक द्रव्य आहे. १८२७ सालीं तें बैलाच्या पित्तांत सांपडलें, म्हणून बैलवाचक लॅटिन शब्दावरून त्यास हें नांव. कुत्र्याचें शरीर तें बहुधा स्वतःच तयार करतें. मांजरास तें पुरेसें करतां येत नाहीं, आणि पित्तावाटे तें सतत खर्च मात्र होतें. मांसांत व मासळींत तें असतें; भातांत नाहींच, गाईच्या दुधांत अत्यल्प. त्याच्या अभावीं मांजराच्या डोळ्याचा पडदा झिजतो, हें १९७५ सालीं प्रसिद्ध झालें. हृदयहि पसरून दुबळें होतें, हें १९८७ सालीं कॅलिफोर्नियांतील पशुवैद्य पॉल पायन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें. वेळींच टॉरिन मिळाल्यास हृदय सुधारूं शकतें. गेलेली दृष्टि परत येत नाहीं.

"मग आमच्या आईचीं मांजरें कशीं जगलीं?" आम्हीं विचारलें.

"तुमच्या वाड्यांत उंदीर होते ना?"

होते, धान्याच्या कोठीखालीं पुष्कळ! आई वाढी तो वरचा खाऊ. खरें जेवण मांजर अंधारांत आपलें आपण उरकी. मनी मात्र तिसऱ्या मजल्यावरच्या ब्लॉकांत राहते. तिला उंदीर कोठला? मार्जार हा शब्द मृज् म्हणजे स्वच्छ करणें या धातूपासून झाला, हें आम्हीं मुलांस जन्मभर शिकविलें. अंग चाटून साफ ठेवणाऱ्या या प्राण्यास आम्ही आपल्यासारखेंच सोंवळें समजत आलों.

बाईंनीं दोन मार्ग सांगितले: उकडलेली कोंबडी, तिचें पाणी न टाकतां, व सोबत त्यांनीं मोजून दिलेल्या पुरवण्या, किंवा मांजरांसाठींच केलेलें, टॉरिन घातलेलें पूर्णान्न. कुत्र्याचें खाणें चालणार नाहीं. दूध बंद, पुष्कळ वाढलेल्या मांजरांस तें पचत नाहीं.

घरीं तीन दिवस वाद झाला. वहिनी म्हणाल्या, "माझ्या स्वयंपाकघरांत कोंबडी शिजायची नाहीं." सूनबाई म्हणाली, "मग तिला आंधळी होऊं द्यायचें का?" वहिनी त्या रात्रीं जेवल्या नाहींत. अखेर पूर्णान्न ठरलें. वाटी वेगळी, जागा गॅलरींत, मोजमाप सूनबाईकडे.

दोन महिन्यांनीं तपासणी झाली. वजन वाढलें आहे, हृदय ठीक आहे. डोळे होते तसेच. घरांतील सामान हलवूं नका, असें बाईंनीं बजावलें आहे. दिवेलागणीस वहिनी आतां स्वतःचा पाटहि भिंतीशीं उभा करून ठेवतात, आणि गॅलरींतला दिवा लावावयास कोणी विसरलें तर रागावतात.